वजन अडलंय म्हणून खट्टू होऊ नकोस

खानापूर

चि. मेघास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

"ऑफिसातल्या त्या मुलीचं वजन कमी करायचं ऑपरेशन माझ्याच सुमारास झालं, तिचं वजन भराभर उतरतंय आणि माझा काटा हलत नाही," असं तू काल म्हणालीस. तेव्हा तुझी आत्ती शेजारीच बसली होती. तिच्या मते लठ्ठपणा म्हणजे कुंद्यासारख्या गोडावर सुटलेला हात! तिच्यासमोर काय बोलणार, म्हणून लिहिते.

तुझ्या त्या स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. पिशवी लहान झाली, म्हणून जेवण कमी, एवढंच लोकांना कळतं. पण भूक जागवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, आणि तोच निघून जातो. शिवाय अन्न लहान आतड्यात लवकर उतरतं, त्यामुळं पोट भरल्याचं सांगणारी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही हार्मोन्स जेवणानंतर जास्त पाझरतात. सुरुवातीला तुला भूकच लागत नव्हती, तो तुझा निग्रह नव्हता. आता लागतेय, तो हावरटपणाही नव्हे. चरबी घटली की तिच्यातून येणारं लेप्टिन हे हार्मोन घटतं. मेंदूला वाटतं दुष्काळ पडला. मग तो भूक वाढवतो आणि शरीराचा खर्च आखडतो.

हे सगळ्यांत सारख्याच जोरानं होत नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांत वजनातल्या फरकाचा साधारण ४० ते ७० टक्के वाटा आनुवंशिक निघाला आहे. अमेरिकेतल्या २०११ च्या एका अभ्यासात जठराचं बायपास (वजन कमी करायचं दुसरं ऑपरेशन) झालेल्या सख्ख्या नातलगांचं वजन मिळतंजुळतं उतरलं; एका घरात राहणाऱ्या, पण रक्ताचं नातं नसलेल्यांचं तसं नाही. एकच चूल असूनही! एमसी४आरसारख्या एकाच जनुकातला दोष कारणीभूत असणारे थोडेच, बाकीच्यांत पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा हात असतो. तुझी आज्जी, आत्ती आणि मी, आमच्याकडे बघ. त्या मुलीची आज्जी वेगळी.

खाणं-चालणं सोडू नकोस, ते तुझ्या हातात आहे. बी-१२ आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस, ताटात आधी उसळ किंवा अंडं घे. वजन परत चढू लागलं तर लाजून तपासणी टाळू नकोस. जीएलपी-१ सारखं काम करणारी इंजेक्शनं आता ऑपरेशननंतरही देतात. तुला चालतील का, ते डॉक्टरांना विचार.

दिवाळीला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं येणार ना? तिकीट आत्ताच काढ. आत्तीनं विषय काढलाच तर तिला मी बघून घेते.

तुझी,
आई