घोड्यांच्या ट्रेलरसाठी डिझेल ट्रक: नवा की वापरलेला?

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या तिन्ही जाहिराती नीट पाहिल्या. नवाकोरा फोर्ड एफ-२५०, २०१६ चा जीएमसी सिएरा २५०० आणि २०१९ चा रॅम ३५००. तिन्हींत 'इतके हजार पौंड ओढतो' हे ठसठशीत छापलंय आणि तुझी पसंतीही त्याच आकड्यावर ठरत चाललेली दिसते. ओढायची ताकद आजच्या कुठल्याही मोठ्या डिझेल पिकअपमध्ये तुझ्या गरजेपेक्षा जास्तच असते. गाडी अडते ती पाठीवर किती पेलते तिथे.

ड्रायव्हरचं दार उघडलंस की चौकटीवर टायरच्या हवेचं लेबल दिसेल. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा त्या एका गाडीचा पेलोड. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन ट्रकांत तो काहीशे पौंडांनी वेगळा निघतो, कारण फोर-व्हील ड्राइव्ह, मोठी केबिन, काचेचं छप्पर, इलेक्ट्रिक सीटा हे सगळं त्यातूनच वजा होतं. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा बरंच जड, तेही वजा होतं. त्यामुळे ब्रोशर वाचू नकोस, लेबल वाच.

आता तुझा हिशोब. तीन घोड्यांचा, पुढे राहायची खोली असलेला गूजनेक, म्हणजे ट्रकच्या हौद्यातल्या बॉलवर अडकणारा ट्रेलर, रिकामा धरू ८,५०० पौंड. घोडे प्रत्येकी ११०० प्रमाणे ३,३००. पाण्याची टाकी, गवत, खोगिरं, कपडेलत्ते ८००. झाले १२,६००. गूजनेकच्या एकूण वजनातलं २० ते २५ टक्के ट्रकच्या पाठीवर येतं, म्हणजे २,५२० ते ३,१५०. त्यात तुम्ही दोघं, कुत्रा, बॉल आणि हत्यारं मिळून ५०० घाल. पाठीवर ३,०२० ते ३,६५० पौंड येणार. पुढची खोली भारी असेल तर वरचाच आकडा धरायचा.

पाऊण टनी ट्रक, म्हणजे एफ-२५० किंवा २५०० या नावाचे, बहुतेक १०,००० पौंड एकूण वजनाच्या मर्यादेत बसवलेले असतात. चार दारांचा, फोर-व्हील, डिझेल ट्रक स्वतःच साडेसात-आठ हजारांच्या घरात जातो. उरतात दोन-अडीच हजार. तोच ट्रक कागदावर १८,००० ओढेल, पण तुझा गूजनेक अडकवला की मागचा एक्सल आणि टायर मर्यादेबाहेर. म्हणून एफ-२५० आणि सिएरा २५०० दोन्ही बाद. तुला एक टनी हवा: एफ-३५० किंवा ३५००. मागे एकेरी चाकं चालतील, फक्त लेबलवर ३,८०० च्या आसपास किंवा वर आकडा दिसला पाहिजे. जोडचाकांचा ट्रक पाच हजारांच्या पुढे पेलतो आणि वायोमिंगच्या आडव्या वाऱ्यात ट्रेलर डुलू देत नाही. पण तो मागे आठ फूट रुंद, गावात कुठे लावायचा हा रोजचा ताप, आणि रिकामा असताना बर्फात ती रुंद जोडी लवकर घसरते. ट्रेलर पुढेमागे चार घोड्यांचा होणार असेल तरच जोडचाकं घे.

डिझेलच का, हेही एकदा तपासून घे. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. कोलोराडोत आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथे पोचेपर्यंत पेट्रोलचा तिसरा हिस्सा गेलेला असतो. टर्बो डिझेलला ते फारसं जाणवत नाही. आणि चढापेक्षा महत्त्वाचा उतार. सहा-सात टक्क्यांच्या लांब उतारावर एक्झॉस्ट ब्रेक टर्बोतच हवा कोंडून गाडी धरतो, त्यामुळे चाकांचे ब्रेक तापून निकामी होत नाहीत. त्यासाठीच डिझेलला जास्तीचे दहाएक हजार डॉलर मोजायचे.

पण हाच ट्रक रोज सहा मैल ऑफिसला नेणार असशील तर माझा सल्ला उलटा आहे. आजच्या डिझेलच्या धुराड्यात काजळी गाळणारा डीपीएफ असतो. तो भरला की इंजिन जास्तीचं डिझेल फवारून त्याला तापवतं आणि काजळी जाळतं; त्याला सलग वीस-तीस मिनिटं रस्त्यावरची धाव लागते. सहा मैलांत ते अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा अर्धवट. न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारी झडप) आणि टर्बोची पाती काजळीने जाम होतात. तेव्हा ऑफिसला सध्याचीच छोटी गाडी ठेव. ते जमणार नसेल तर फोर्डचं ७.३ लिटर पेट्रोल घे आणि घाटात सावकाश चढ.

आता इंजिनं. तू कमिन्स कॉलेजात शिकलीस आणि पुणेकराला कमिन्स म्हटलं की कोथरूडचा कारखाना आठवतो, म्हणून कमिन्सचंच डिझेल इंजिन असलेल्या रॅमकडे मन ओढ घेणार हे मला दिसतंय. इंजिन चांगलंच आहे: सहा सिलिंडर एका ओळीत, हात घालायला जागा, खालच्या फेऱ्यांतच भरपूर जोर. पण त्याच्या आजूबाजूचं सगळं तसं नाही. रॅममधल्या या ६.७ लिटर कमिन्समध्ये हवा गरम करायची जाळी इनटेकमध्ये बसवलेली असते. तिच्या विजेच्या जोडाचा बोल्ट झिजून तुटतो आणि थेट सिलिंडरमध्ये पडतो. २०२५ पासून ती जाळी काढून सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग आणले. त्याआधीचा ट्रक घेतलास तर पहिल्या महिन्यातच तो जोड उघडून तपासून घे, किंवा सुधारित भाग बसवून घे. गिअरबॉक्सही विचार. २०२४ पर्यंत साध्या ६.७ ला मिळणारा ६८आरएफई जड ओझ्याखाली लवकर थकतो. ३५०० च्या 'हाय आउटपुट' इंजिनाला २०२४ पर्यंत आयसिनचा गिअरबॉक्स येत असे; शिफ्ट जरा धसमुसळी, पण टिकाऊ. तुला तोच हवा.

तुझ्या २०१९ च्या रॅमबद्दल आणखी एक. २०१९ आणि २०२० मध्ये त्यात बॉशचा सीपी४ हाय-प्रेशर पंप, म्हणजे इंजेक्टरांना प्रचंड दाबाने डिझेल पुरवणारा पंप होता. तो रिकॉल झाला, म्हणजे कंपनीने गाड्या परत बोलावून दुरुस्त करायला घेतल्या, आणि २०२१ पासून जुना, भरवशाचा सीपी३ परत आला. गाडीचा व्हीआयएन (चेसिस नंबर) एनएचटीएसए या अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा खात्याच्या साइटवर घालून रिकॉलचं काम झालंय का ते बघ. झालं नसेल तर आधी करून द्या, मग बोलू, असं विकणाऱ्याला सांग.

हा सीपी४ तुला नीट कळायला हवा, कारण वापरलेल्या डिझेलची निम्मी निवड त्याच्यावर ठरते. पंपाच्या आत कॅमवर दोन रोलर फिरतात. रोलर धरणारा टॅपेट आपल्या जागेत वळला तर रोलर आडवा होतो आणि फिरण्याऐवजी कॅमवर घासत राहतो. त्याचा लोखंडी चुरा डिझेलबरोबर रेलमध्ये (इंजेक्टरांना डिझेल वाटणाऱ्या जाड नळीत), इंजेक्टरांत आणि परतीच्या नळीतून टाकीत जातो. मग नुसता पंप बदलून भागत नाही. सगळे इंजेक्टर, रेल, नळ्या सगळं नवं, टाकी उतरवून साफ. बिल दहा हजार डॉलरच्या घरात किंवा पुढे. अमेरिकेतल्या डिझेलचा वंगणपणा युरोपपेक्षा कमी धरलेला आहे: चाचणीत झिजेची खूण इथे ५२० मायक्रॉनपर्यंत चालते, युरोपात ४६०. युरोपात बेतलेला पंप इथे का कुरकुरतो याचं एक कारण हे. पाणी शिरलेलं डिझेल हे दुसरं.

जीएमच्या ड्युरामॅक्स डिझेलमध्ये २०११ ते २०१६ (एलएमएल हे इंजिन) हा पंप आहे, शिवाय त्याला डिझेल पुरवणारा वेगळा लिफ्ट पंप नाही; तो स्वतःच टाकीतून ओढतो. तुझी सिएरा त्यातलीच, म्हणजे दोनदा बाद. २०१७ पासूनच्या एल५पी या ड्युरामॅक्सला डेन्सोचा पंप आणि टाकीत लिफ्ट पंप आहे. वापरलेल्यांत माझी पहिली पसंती हीच: एल५पी, ३५०० चेसिस, ॲलिसन गिअरबॉक्स. फोर्डच्या ६.७ मध्ये २०११ पासून सीपी४ आहे, पण तिथे तो तुलनेने कमी वेळा मरतो. बाकी इंजिन दणकट. घेतलास तर पंपातलं परतीचं डिझेल गाळून टाकीकडे वळवणारा बायपास किट बसव. काहीशे डॉलरमध्ये इंजेक्टर वाचतात. फोर्डचे ६.० (२००३ ते २००७) आणि ६.४ (२००८ ते २०१०) कितीही स्वस्त मिळाले तरी नको. पहिल्याचा ऑइल कूलर तुंबतो, त्यामागे ईजीआर कूलर आणि हेड गॅस्केट जातं. दुसऱ्याच्या ऑइलमध्ये डिझेल उतरतं. फोर्डच्या जुन्या ७.३ डिझेलचे किंवा कमिन्सच्या ५.९ चे लोक गोडवे गातात. गातील बापडे, वीस वर्षांपूर्वीच्या ब्रेकांवर साडेबारा हजार पौंड घेऊन तू घाट उतरायचा नाहीस.

नवा की वापरलेला? एक-दोन वर्षं वापरलेला घेण्यात अर्थ नाही, डिझेलची किंमत फार उतरत नाही. तेवढ्या पैशांत नवा बरा. नव्याला इंजिनाची पाच वर्षं किंवा एक लाख मैलांची हमी असते आणि ती विकल्या दिवसापासून गाडीबरोबर चालते. म्हणून तीन-चार वर्षांचा, ५० ते ७० हजार मैलांचा, एकाच मालकाचा, सर्व्हिसच्या पावत्या असलेला एक टनी शोध. हमी थोडी उरलेली असते आणि पहिल्या वर्षाच्या तक्रारी दुसऱ्याने निस्तरलेल्या असतात.

बघायला जाशील तेव्हा इंजिन थंड ठेवायला आधीच सांग आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री कर. गरम करून ठेवलेलं असेल तर परत फिर. थंडीत सुरू होताना पांढरा धूर थोडा वेळ चालतो. निळसर असेल तर ऑइल जळतंय, आणि गरम झाल्यावरही गोडसर वासाची पांढरी वाफ येत राहिली तर कूलंट आत जातंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उलटं करून तोंडावर ठेव. किंचित थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब झिजलेल्या रिंगांतून खाली निसटतोय. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरव. डीपीएफ शाबूत असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर डीपीएफ फुटलाय किंवा कापून टाकलाय. कापलेला ट्रक फुकटही नको: क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा, डेन्व्हरकडच्या भागात धुराच्या तपासणीत नापास, आणि परत मूळ स्वरूपात आणायला हजारो डॉलर.

मीटरवर मैलांबरोबर इंजिनचे तासही बघ. मैलांना तासांनी भाग. उत्तर ताशी २५ मैलांच्या खाली आलं तर ट्रक कुठेतरी तासन् तास उभा धडधडत होता, आणि तशा उभ्या तासाची झीज साधारण २५ मैलांएवढी धरतात. स्कॅनर लावून डीपीएफमधल्या काजळीचं प्रमाण, काजळी जाळण्याच्या दोन वेळांमधलं अंतर आणि बिघाडाचे कोड शेवटचे कधी पुसले ते वाच. कालच पुसले असतील तर कारण विचार. इंधन फिल्टरच्या तळाचं डिझेल काचेच्या बरणीत काढ आणि उन्हात धर. लोखंडी चुऱ्याची चमचम दिसली तर तिथेच नमस्कार. गाडीखाली आडवी हो. कोलोराडोच्या रस्त्यांवर बर्फासाठी मॅग्नेशियम क्लोराइड मारतात. ब्रेकच्या नळ्या, चेसिसचे जोड, डीईएफ (धूर स्वच्छ करणारं युरियाचं पाणी) टाकीचे पट्टे गंजलेले असतात. टायरवर आठवडा-वर्षाचे चार आकडे असतात. सहा वर्षांपुढचे टायर बदलायचे पैसे किमतीतून कापून घे, भार पेलायच्या श्रेणीत लोड रेंज ई पेक्षा हलके तर लगेच बदल.

विकणारा तयार असेल तर तुझाच रिकामा ट्रेलर जोडून चढावर ने. एक्झॉस्ट ब्रेक चालतो का, ट्रेलर ब्रेकचा कंट्रोलर ट्रेलर ओळखतो का, गिअर बदलताना घसरण आहे का, हे त्याशिवाय कळत नाही.

घेतल्यावर पहिल्याच फेरीत घोडे चढवून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर उभी राहा. पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर अशी तीन वजनं छापून मिळतात. मागच्या एक्सलचं वजन दारातल्या मर्यादेशी ताडून बघ. फार होत असेल तर आधी पाण्याची टाकी रिकामी कर. राज्याराज्यांत परवान्याचे नियम वेगळे आहेत. ट्रक आणि ट्रेलरची छापील मर्यादा मिळून २६,००० च्या वर जात असेल तर डीएमव्हीला (परवाना खात्याला) विचारूनच घे.

निळ्या झाकणाचं तोंड डीईएफचं. ते पाण्यातलं युरिया, ३२.५ टक्के, चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर किल्ली फिरवूच नकोस, गाडी टो करून ने आणि टाकी उपसून घे. उणे ११ सेल्सिअसला ते गोठतं, पण टाकीत हीटर असतो, त्याची काळजी नको. काळजी डिझेलची: टेक्सासमध्ये भरलेलं डिझेल घेऊन जानेवारीत वर कोलोराडोत आलीस तर मेण धरून फिल्टर बंद होतो. खाली असतानाच अँटी-जेल टाक, वर आल्यावर इथलं हिवाळी डिझेल भर, आणि उणे पंधराच्या रात्री ब्लॉक हीटरची वायर भिंतीतल्या प्लगला लाव. टायमर लाव, तीन-चार तास पुरतात.

तुझा,
बाबा