परदेशी विद्यापीठाची निवड शेवटाकडून करा

संपादक महोदय,

नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांत 'परदेशात एमबीबीएस'चे फलक लागतात. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष संपत आलं की छत्रपती संभाजीनगरात एमएसचे मेळावे भरतात. क्रम दोन्हीकडे एकच. आधी देश ठरतो, मग एजंट, मग एजंटच्या यादीतलं विद्यापीठ. आणि ती पदवी पुढे कुठे चालणार, हा प्रश्न फी भरून झाल्यावर निघतो. हा क्रम उलटा करायला हवा.

एमबीबीएससाठी शेवट म्हणजे भारतातली नोंदणी. ती राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या (एनएमसी) नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनी ठरते. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, माध्यम इंग्रजी हवं, शिवाय त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. त्या देशात तिथल्या नागरिकासारखाच डॉक्टरकीचा परवाना मिळण्याची पात्रताही त्या पदवीने यायला हवी. परत आल्यावर परीक्षा आणि इथे आणखी १२ महिने इंटर्नशिप. आता माहितीपत्रकातला 'पाच वर्षांचा कोर्स' घ्या. पाच वर्षे म्हणजे ६० महिने. त्यात इंटर्नशिप धरलेली असेल तर शिक्षण उरतं ४८ महिन्यांचं. सहा महिने कमी, आणि ते नंतर कुठल्याही दंडाने भरून निघत नाहीत. 'तिसऱ्या वर्षी दुसऱ्या देशात ट्रान्सफर करून देऊ' हे आश्वासनही तसंच घातक, कारण संपूर्ण शिक्षण आणि इंटर्नशिप एकाच संस्थेत व्हावी अशी अट आहे.

फलकावर 'एनएमसी मान्य' छापलेलं असतं त्याला अर्थ नाही. आयोग परदेशी कॉलेजांना मान्यतेचे शिक्के वाटत नाही; विद्यार्थ्याचं शिक्षण नियमांत बसतं का, हे पाहतो. म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी विद्यापीठाच्या लेटरहेडवर उत्तर मागवावं: इंटर्नशिप वगळून महिने किती, इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात, सर्व वर्षे इंग्रजीतून शिकवणार का, भारतीय पदवीधराला स्थानिक परवाना मिळतो का. ई-मेल थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर करावा, एजंटने दिलेल्या जीमेलवर नव्हे. उत्तर आलंच नाही तर तेही एक उत्तरच.

भाषेचा मुद्दा पालक सोडून देतात. वर्गात इंग्रजी असलं तरी खाटेवरचा रुग्ण रशियन किंवा जॉर्जियनच बोलतो. त्याची तक्रार कळली नाही तर वॉर्डातलं शिक्षण कोरडं राहतं, आणि परतल्यावरच्या ३०० प्रश्नांच्या परीक्षेत १५० गुण गाठताना ते जाणवतं.

इंजिनिअरिंगवाल्यांनी अमेरिकेची यादी करताना क्रमवारीआधी एक सहा आकडी क्रमांक पाहावा. प्रत्येक अभ्यासक्रमाला तिथे सीआयपी कोड असतो आणि तो आय-२० या, विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या कागदावर छापला जातो. पदवीनंतर १२ महिने काम करता येतं. कोड स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या, यादीत असेल तरच आणखी २४ महिने मिळतात. ५२.०२०१, म्हणजे साधं व्यवसाय प्रशासन, या यादीत नाही, ५२.१३०१, म्हणजे व्यवस्थापनशास्त्र, आहे. मेळाव्यात दोन्ही अभ्यासक्रम 'एमबीए, अॅनालिटिक्ससह' याच नावाने विकले जाऊ शकतात. कर्ज फेडायला एक वर्ष मिळणार की तीन, हे त्या कोडवर ठरतं.

जर्मनी 'फुकट' आहे हे अर्धं खरं. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. परभणीच्या कृषी पदवीधरांना होहेनहाइमचं नाव हमखास सुचवलं जातं. ते विद्यापीठ याच राज्यात आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही अलीकडे परदेशी विद्यार्थ्यांना शुल्क लावलं आहे. त्याशिवाय ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठीच्या गोठवलेल्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. ते महिन्याला ९९२ प्रमाणे आपल्यालाच परत मिळतात, पण व्हिसाआधी एकरकमी उभे करायचे असतात. आणि जर्मनीतली सरकारी विद्यापीठं सहसा एजंटला कमिशन देत नाहीत, खासगी देतात. 'सल्ला मोफत' म्हणणाऱ्याच्या यादीत खासगीच का भरलेली असतात, ते यावरून समजावं.

जर्मनीत जास्त अर्ज अडतात ते गुणांच्या रूपांतरात. सूत्र असं: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुणांनी भागा, ३ ने गुणा, त्यात १ मिळवा. जितका आकडा लहान तितकं चांगलं. समजा सीजीपीए १० पैकी ७.४ आहे. उत्तीर्ण होण्याची किमान श्रेणी ४ धरली तर उत्तर येतं २.३. तीच ५ धरली तर २.५६. अनेक अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ असते. मुलगा तोच, गुण तेच. एका आकड्याने तो आत किंवा बाहेर. तो आकडा ट्रान्सक्रिप्टवर (सर्व सत्रांच्या एकत्रित गुणपत्रकावर) स्पष्ट छापलेला नसेल तर समोरचा आपल्या समजुतीने धरतो. विषयांचंही तसंच. मेकॅनिकलच्या मुलाने डेटा सायन्सला अर्ज केला आणि गणित व संगणकाचे क्रेडिट कमी पडले, तर सीजीपीए ९ असूनही नकार येतो. म्हणून अभ्यासक्रमाच्या पानावरची क्रेडिटची अट आपल्या आठ सत्रांच्या विषयांशी एकेक ओळ लावून पाहावी. संध्याकाळभराचं काम आहे, एजंट ते करत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं. त्याला वेळ लागतो, तेव्हा ते सातव्या सत्रातच सुरू करावं.

पैशाकडे यायचं तर आपल्याकडे घराघरात एकच वाक्य असतं: 'चार एकर ठेवू गहाण.' बँका शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत, कारण थकीत कर्ज वसूल करण्याच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरच्या घरालाही बऱ्याच शाखा नको म्हणतात. एनए प्लॉट, नगरपालिका हद्दीतलं मंजूर नकाशाचं घर किंवा मुदत ठेव चालते. वकिलाचा टायटल सर्च आणि मूल्यांकन यांत आठवडे जातात, वारसनोंद राहिलेली असेल तर महिने. तेव्हा ऑफर लेटर येण्याआधी सातबारा, फेरफार घेऊन शाखेत जाऊन बसावं. काही बँका निवडक विद्यापीठांसाठी मोठं कर्ज विनातारण देतात. ती यादी मागून घ्यावी आणि आपल्या यादीशी ताडावी. तारण नसलेल्या घरासाठी ही यादी कुठल्याही क्रमवारीपेक्षा कामाची.

जागतिक क्रमवारीला मी एकाच ठिकाणी मान देतो, ते म्हणजे शिष्यवृत्ती. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला आणि केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपला विद्यापीठ ठरावीक क्रमांकाच्या आत असणं बंधनकारक असतं. त्या वर्षीची जाहिरात वाचूनच यादी करावी, गेल्या वर्षीच्या व्हॉट्सअॅप संदेशावरून नव्हे.

नावाची भानगड शेवटी सांगतो, पण ती पहिल्या दिवशी मिटवावी. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव येतं. पासपोर्टच्या रकान्यांत काही मुलांचं आडनाव कोरं राहतं, काहींचं वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये जातं. अर्ज पासपोर्टप्रमाणेच भरावा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवावं. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची नोंदणीही त्याच नावाने करावी.

यात मराठवाड्यातल्या विद्यापीठांच्या हाती एक गोष्ट आहे. ट्रान्सक्रिप्टवर किमान उत्तीर्ण श्रेणी, कमाल श्रेणी आणि शिक्षणाचं माध्यम या तीन ओळी इंग्रजीत छापाव्यात, आणि प्रमाणित अभ्यासक्रमाची प्रत त्याच खिडकीवर, त्याच अर्जात द्यावी. हिंगोली किंवा धाराशिवच्या मुलाला एका शिक्क्यासाठी तीन फेऱ्या पडतात, आणि बऱ्याच जर्मन विद्यापीठांची हिवाळी सत्राची मुदत १५ जुलैला संपते.

— एक निवृत्त प्राध्यापक, नांदेड