बीजगणिताच्या अभ्यासक्रमाचा कस कसा पाहावा?

संपादक महोदय,

आम्ही आमच्या मुलीला गेली दोन वर्षे घरीच शिकवत आहोत. यंदा तिला तेरावे वर्ष लागले आणि बीजगणितासाठी कोणता अभ्यासक्रम घ्यावा, हा प्रश्न उभा राहिला. ज्यांना सल्ला विचारला त्यांतल्या बहुतेकांनी पुस्तकाची जाडी, उदाहरणांची संख्या किंवा ‘आठवीतच दहावीचे संपवून होते’ असा वेग सांगितला. माझ्या मते यातल्या कशावरूनही अभ्यासक्रमाचा कस कळत नाही. प्रत्येक पायरीमागचे कारण तो मुलाकडून मागतो की नाही, हे पाहिले पाहिजे.

फोंड्यातील एका शिकवणीत तिला ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ एवढेच शिकवले गेले. परिणामी ३क्ष = १२ हे समीकरण सोडवताना तिने क्ष = १२ − ३ असे लिहिले, कारण तीन पलीकडे गेला म्हणजे तो उणे झाला, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. दोन्ही बाजूंना एकच क्रिया केली तर समानता टिकते, हे आधी पक्के झाले असते तर ही चूक झालीच नसती.

पुस्तके निवडताना आम्ही प्रथम एनसीईआरटीचे दहावीचे पुस्तक उघडले. २०२२ साली अभ्यासक्रमाचा भार कमी करताना त्यातून वर्गसमीकरण सोडवण्याची पूर्ण वर्ग पद्धती वगळली गेली; सूत्र राहिले, पण ते ज्या वाटेने येते ती वाट गेली. बालभारतीच्या २०१८ मधील दहावीच्या गणित भाग १ मध्ये अवयव, पूर्ण वर्ग आणि सूत्र या तिन्ही पद्धती आहेत. शिवाय ते पुस्तक मराठीत आहे, आणि ही गोष्ट मला लहान वाटत नाही. गोव्यात मराठी प्राथमिक शाळेनंतरचे शिक्षण बहुतांशी इंग्रजीतून होते. घरात मराठीत विचार करणाऱ्या मुलाला कारण सांगताना आधी शब्द शोधावे लागू नयेत.

पूर्ण वर्ग पद्धती म्हणजे काय हे पाहण्यासाठी क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण आम्ही कागद कापून सोडवले. क्ष बाजूचा एक चौरस घेतला आणि त्याच्या दोन लगतच्या बाजूंना ५ रुंदीच्या दोन पट्ट्या लावल्या, तेव्हा कोपऱ्यात ५ × ५ ची जागा रिकामी राहिली. ती भरली की एकूण क्षेत्रफळ ६४, मोठ्या चौरसाची बाजू ८ आणि म्हणून क्ष = ३. त्यानंतर मुलीने स्वतःच −१३ घालून पाहिले आणि तेही बरोबर आले. मग ते कागदात का दिसले नाही, यावर आमची संपूर्ण संध्याकाळ गेली. लांबी उणे नसते, म्हणून आकृती एकच उत्तर दाखवते, आणि ६४ चे वर्गमूळ घेताना −८ विसरायचा नाही, हे तिला माझ्या सांगण्याविना कळले.

बालभारतीच्या याच पुस्तकात निश्चयकाची (दोन समीकरणांतील सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांच्या वजाबाकीची) पद्धत आहे, म्हणून ते अधिक कठीण, असेही एका परिचितांनी सांगितले. परंतु दोन समीकरणांची उत्तरे निश्चयकाने झटपट काढणाऱ्या मुलाला छेदातला निश्चयक शून्य आल्यास काय होते, त्या रेषा समांतर असतात की एकमेकींवर पडतात, हे सांगता येत नसेल, तर त्या पद्धतीने त्याचे ज्ञान वाढले असे मी म्हणणार नाही.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते, आणि घरी शिकणाऱ्या मुलांसाठी ती मोठी सोय आहे. मात्र उत्तीर्ण होण्यापुरती तयारी करून घेतली, तर ही कारणे न विचारताही मूल पुढे जाऊ शकते. म्हणूनच ती विचारण्याचे काम पालकावर येते, आणि माझ्यासारख्या गणिताच्या पदवीधर नसलेल्या पालकाला ते एकट्याने पेलत नाही.

यासाठी माझी एक विनंती आहे. आपल्या जिल्ह्यांत गणित शिकवण्यात आयुष्य घालवलेले अनेक निवृत्त शिक्षक आहेत. आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा पाव पान द्यावे, पालकांनी आपल्या मुलाने सोडवलेले एक उदाहरण चुकांसह पाठवावे आणि एका शिक्षकाने त्यातील तर्क कुठे निसटला ते मराठीत लिहावे. पहिले उदाहरण म्हणून ३क्ष = १२ चे ते पान मी पाठवायला तयार आहे.

आपली,
एक पालक, फोंडा