आईनं मोठ्यानं वाचायचं पत्र

गावभाग, सांगली
श्रावणातला दुसरा सोमवार

ती. बाबा आणि ती. आई यांस
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "काय ते लिहून पाठव, फोनवर तू मध्येच हसतेस आणि मुद्दा राहतो." म्हणून लिहायला बसले. पण ऑपरेशनला दहाच दिवस झालेत, त्यामुळं तुम्ही वाचायचं नाही. आईनं वाचायचं, दुपारचे थेंब घालून झाल्यावर. आई, पुढं एका ठिकाणी मी फुली मारली आहे. तिथं थांब, बाबांना चहा दे आणि मग पुढचं वाच.

घर बरं आहे. माडीवर कौलातून एका जागी गळतं, तिथं पितळी पातेलं ठेवलंय. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी आज सकाळी २१ फूट होतं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे तुम्हीच मला पाढ्यांसारखं पाठ करून घेतलंय, तेव्हा पुण्यात बसून बातम्या बघत घाबरू नका. शेजारच्या काकू दर दोन दिवसांनी जिन्याखालून विचारतात, "मास्तर कधी येणार? आणि तू दिवसभर वर काय करतेस गं?" पहिल्याचं उत्तर देते. दुसऱ्याचं टाळते.

दादा सांगत होता की सोसायटीतल्या लोकांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मुलगी लेखिका आहे. सामाजिक लिहिते." बाबा, मला राग नाही आला. झोंबी कायम घोळक्यानं हिंडतात, एकटा म्हणून सापडत नाही. सामाजिक म्हणणं अगदीच खोटं नाही.

पहिल्यांदा सांगितलं होतं तेव्हाचं आठवतं का? "मी झोंबीवर लिहितेय" म्हटल्यावर तुमचा चेहरा उजळला होता. तुम्हाला वाटलं आनंद यादवांच्या 'झोंबी'वर काहीतरी समीक्षा करतेय. उठून कपाटातून प्रत काढलीत, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार, कागलची भाषा, असा अर्धा तास तास घेतलात. मग मी सांगितलं की ही झोंबी ती नव्हे, ही मेलेली माणसं. तुम्ही पुस्तक परत ठेवलंत आणि एवढंच म्हणालात, "मेलेली माणसं झोंबी कशी खेळतील?" आई आतून म्हणाली, "मिरची झोंबते तशी झोंबत असतील." माझ्या पुढच्या तीन गोष्टी या एका वाक्यावर निघाल्या, आई. मानधनातला वाटा तुला अजून दिलेला नाही.

तुम्ही विचारलं होतंत, हे खूळ मुळात आलं कुठून. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, कारण मलाही 'सिनेमातून' एवढंच माहीत होतं. नंतर वाचलं. बाबा, हे उसातून आलंय. खरंच. हैती म्हणून कॅरिबियन समुद्रात देश आहे. फ्रेंचांच्या काळात तिथल्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. मेलं की सुटलो, एवढीच त्यांची आशा. आणि सगळ्यांत मोठी भीती अशी की मेल्यावरही कुणीतरी मंत्र घालून उठवेल आणि परत फडात उभं करेल. तो झोंबी. कुणाला खात नाही, चावत नाही, नुसता राबतो. १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला, भीती मात्र मागं राहिली. विल्यम सीब्रुक नावाच्या अमेरिकन प्रवाशानं आपल्या पुस्तकात ती लिहिली आणि शब्द जगभर गेला. पुस्तक आलं १९२९ साली. आपला आयर्विन पूलही १९२९ चाच. (याचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला हे कळलं तेव्हा मी पुलावर जाऊन उगाच उभी राहिले होते.)

माणसं खाणारी प्रेतं फार नंतरची, १९६८ च्या एका अमेरिकन सिनेमातली, आणि त्या सिनेमात झोंबी हा शब्द कुणी उच्चारतसुद्धा नाही. मेंदू खायची सवय तर १९८५ च्या एका विनोदी सिनेमानं लावली. म्हणजे ज्याला तुम्ही "किळसवाणं" म्हणता ते मुळात कुणीतरी गंमत म्हणून घातलेलं आहे.

आता यातली माझी सगळ्यांत आवडती गोष्ट. हैतीत असं मानतात की झोंब्याला मीठ द्यायचं नाही. जिभेला मीठ लागलं की त्याला आपण मेलोय हे आठवतं आणि तो उठून थेट आपल्या थडग्याकडं चालायला लागतो. सीब्रुकच्या गोष्टीत तर ते खारे दाणे घातलेली वडी खातात आणि जागे होतात. मी हे वाचलं आणि वही मिटून स्वयंपाकघरात जाऊन बसले. आपण काय म्हणतो? खाल्ल्या मिठाला जागणं. आपल्याकडं मीठ खाल्लं की माणूस मालकाचा होतो, तिकडं मीठ खाल्लं की मालकाच्या हातून सुटतो. आणि खारे दाणे म्हटल्यावर सांगलीच्या माणसाला काय आठवणार? भडंगावरची ती गोष्ट तशी जन्मली. फडात राबणारे झोंबी, आणि एक म्हातारी त्यांना पदराआडून भडंग वाटत जाते.

ती गोष्ट मी आधी चुकीची लिहिली होती. ऊस तोडणाऱ्यांनाच झोंबी केलं होतं, त्यांचं ते पहाटेच्या अंधारात रांगेनं जाणं, मान खाली, हातात कोयता. वाचायला मजा येत होती. मग त्या मोसमात एका रात्री माधवनगर रस्त्याला ट्रॅक्टरमागं अडकले, दोन ट्रॉल्या भरून ऊस, आणि वर मोळ्यांवर एक बाई मूल कुशीत घेऊन झोपलेली. घरी येऊन पानं फाडली. त्यांच्यावर कसलं हसायचं? आता गोष्टीत हसू येतं ते मुकादमाचं. मेलेला मजूर उठतो कारण उचल फिटलेली नाही, आणि मुकादम त्याच्या पार्थिवापुढं वही घेऊन बसलाय, व्याजाचा हिशेब घालतोय. ही गोष्ट वाचून एक बाई रडल्या म्हणे. मला जरा अपमान वाटला. विनोदी म्हणून लिहिली होती.

मराठीत झोंबी आणायचा म्हणजे अडचणी फार. आपल्याकडं समंध, मुंजा, हडळ, खवीस, गिऱ्हा, वेताळ, जागा आधीच भरलेल्या. त्यात आपण प्रेत जाळतो, उठायला काही शिल्लकच ठेवत नाही. म्हणून माझे झोंबी बहुतेक वेळा तिरडी बांधायच्या आत उठतात. पाहुणे आलेत, कुणीतरी बांबू आणायला गेलंय, आणि मयत उठून बसतं आणि म्हणतं, चहा टाकलाय का. मग पंचाईत अशी की निरोप तर सगळीकडं गेले.

भीती आणि हसू एकत्र कसं चालतं, असंही तुम्ही विचारायचात. बाबा, हे सांगलीच्या माणसानं विचारावं? विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये याच गावात 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून एकाच रंगमंचावर विदूषकही नाचतोय आणि 'अलल डुर्र' करून राक्षसही येतोय. मी फक्त राक्षसाची चाल जरा मंद केली.

चालीवरून आठवलं. मी माडीवर चालून बघते. म्हणजे एक पाय ओढत, मान एका बाजूला टाकून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत किती वेळ लागतो ते मोजते, कारण तेवढ्यात पळणाऱ्या माणसाचं बोलणं बसवायचं असतं. काकूंनी खालून पावलं ऐकली आणि संध्याकाळी महानारायण तेल पाठवलं. ते मी गुडघ्याला लावलं, फरक पडला.

दिवस असा असतो: पहाटे पाच ते आठ गोष्ट, मग औषधांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं, त्यातून वीजबिल आणि किराणा. गोष्टीचं मानधन म्हणजे बहुतेकदा पंधराशे रुपये आणि अंकाच्या दोन प्रती. एका ठिकाणी गोष्टी ऐकवण्यासाठी घेतल्या आणि पैसे द्यायला विसरले, ते आता जाऊ दे. तुमचे कोरे हजेरीपट माळ्यावर सापडले, ते मी वापरते, रागावू नका. कुणाचा कुठला अवयव कुठल्या पानावर गळाला याचा हिशेब ठेवावा लागतो. एकदा चौथ्या पानावर ज्याचा डावा हात पडला होता, तो नवव्या पानावर दोन्ही हातांनी धोतर नेसला, आणि इचलकरंजीहून एका आजोबांचं पत्र आलं. तेव्हापासून हजेरीपट. 'ह', 'गै', आणि माझी एक भर: 'अर्धा ह'.

आई, पहिली गोष्ट तुझीच हे तुला कधी सांगितलंय का? २०१९ चा ऑगस्ट. आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ओसरल्यावर आपण परत आलो. वीज नव्हती. खालच्या खोलीत गुडघाभर गाळ. मी त्यात पडले, उठले, डोळ्यांत चिखल, हात पुढं करून भिंत चाचपत जिन्यानं वर आले आणि तोंडातून आवाज निघाला तो 'आई' असा नव्हता, 'आऽऽ' एवढाच. तू टॉर्च मारलास. किंचाळली नाहीस. म्हणालीस, "आधी पाय धू, मग काय ते." गेल्या चार दिवसांत कुणी हसलं नव्हतं. बाबा भिजलेली पुस्तकं कठड्यावर मांडत होते, तेही हसले. माझ्या सगळ्या झोंब्यांना घरात शिरण्याआधी पाय धुवावे लागतात, ते तिथून आलं.

✕

चहा झाला? बरं.

बाबा, या वर्षीच्या एका दिवाळी अंकासाठी गोष्ट घेतलीय. महिन्याच्या तीस तारखेला पक्की प्रत द्यायची आहे. गोष्टीतला झोंबी तुम्ही आहात.

गेल्या नोव्हेंबरात आपण हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो होतो. अंगठा लागेना. मग तर्जनी, मग मधलं बोट. त्या पोरानं ओला स्पंज दिला, तुम्ही रुमालानं पुसलंत, पुन्हा ठेवलंत. दहाही बोटं झाली. चौतीस वर्षांचा खडू, मी मनात म्हटलं, सगळ्या रेषा घासून गेल्या. पोरगा चांगला होता, ओशाळून म्हणाला, "काका, तुम्ही आहात ते मला दिसतंय हो, मशीनला दिसत नाही. उद्या बघू या का?" तुम्ही कागद चौकोनी घडी करून कापडी पिशवीत ठेवलेत. रिक्षा गणपती मंदिराजवळ आली तेव्हा नेहमीसारखे हात जोडलेत, मग जोडलेली बोटं तशीच डोळ्यांजवळ नेऊन बघितलीत आणि म्हणालात, "मेल्यावर तरी उमटतील का गं?"

मी हसले. तुम्ही हसलात का ते मी बघितलं नाही, रस्त्याकडं बघत राहिले.

गोष्ट अशी: निवृत्त मास्तर वारून तीन दिवस झालेत. पण तीस नोव्हेंबर उद्यावर आलाय, म्हणून ते उठतात, पाय धुतात, पिशवी घेतात आणि बँकेत जाऊन रांगेत उभे राहतात. कुणाला काही वेगळं वाटत नाही, एक बाई फक्त विचारते, "आजोबा, नंबर घेतला का?" मशीनवर बोट ठेवतात. पहिल्या झटक्यात ठसा जुळतो. मास्तर खूश होऊन वळतात, आणि मागून हाक येते, "काका, बोट राहिलं."

संपादकांना आवडलीय. मी मास्तरांचा पोस्टमास्तर करू शकते, सांगलीची मिरज करू शकते, पिशवी काढून टाकू शकते. रिक्षातलं वाक्य मात्र बदलून बघितलं, नऊ वेळा. नाही जमत. ते तुमचं आहे, तुम्हाला न विचारता छापणार नाही. नाही म्हणालात तर संपादकांना भडंगाची गोष्ट देईन, ती तयार आहे.

आई, पुढचं वाक्य मोठ्यानं वाचू नकोस. त्या रात्री झोप येईना, अंधारात पडून मी नोव्हेंबर मोजत होते, तुमचे अजून किती असतील ते. मोजणं थांबावं म्हणून उठून लिहायला घेतलं.

सोबत गोष्टीची प्रत आहे, मोठ्या टायपात काढलीय. डॉक्टरांनी परवानगी दिली की बाबांनी स्वतः वाचावी. लाल पेनही पाकिटात टाकलंय. 'झोंब्याला' की 'झोंबीला' हे मला अजून ठरवता आलेलं नाही, तेवढं बघा. आणि हो की नाही, ते पोस्टकार्डावर लिहून कळवा. फोनवर मी हसेन.

तुमची,
ताई

ता. क. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही हयातीचा दाखला निघतो, बोटं लागत नाहीत. समोर बघून पापणी तेवढी मिटून उघडावी लागते. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला नोव्हेंबरपर्यंत ते चालेल का, दाखवायला जाल तेव्हा विचारून ठेवा.