सूचना मार्चपुरत्या, पुरवणी मागण्या वर्षभर

संपादक महोदय,

मासुंदा तलावाला सकाळची फेरी मारून झाली की आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी काठावर बसतो. राज्याच्या अर्थसंकल्पासाठी आपणही अर्थखात्याला सूचना पाठवाव्यात, असे परवा ठरले. चहा येईपर्यंत अकरा सूचना झाल्या. घोडबंदर रस्ता, सरकारी रुग्णालयांतली औषधे, एसटीच्या नव्या गाड्या वगैरे. लिहून घेणारा अर्थातच मी, कारण माझी एकतीस वर्षे कोषागारात, म्हणजे सरकारी देयके तपासून पैसे देणाऱ्या कार्यालयात, गेली. शेवटी मी विचारले, "आणि कापायचे कशात?" सगळे तलावाकडे बघू लागले.

कापायला फारशी जागा नाहीच म्हणा. वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचे व्याज यांतच राज्याच्या महसुली जमेचा निम्म्याहून अधिक भाग जातो. त्यात माझेही निवृत्तिवेतन आले, तेव्हा याबाबत मी आवाज चढवू शकत नाही.

पण एक गोष्ट बोलायलाच हवी. १० मार्च २०२५ रोजी सुमारे सात लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला, तोच ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट घेऊन. पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे मंजूर अर्थसंकल्पाबाहेरच्या वाढीव खर्चाच्या मागण्या, आल्या. डिसेंबरात नागपूरला आणखी ७५ हजार २८६ कोटींच्या. यातला काही भाग केंद्राचा हिस्सा आणि नुसते समायोजन, म्हणजे हिशेबातली फिरवाफिरव, असतो, निव्वळ बोजा कमी असतो, हे मी जाणतो. राज्यघटनेच्या २०५व्या अनुच्छेदात पुरवणी मागण्यांची सोय आहे, अतिवृष्टी झाली तर ती लागतेच. पण मार्चमध्ये लोकांचे म्हणणे ऐकायचे आणि पुढे वर्षभर एवढ्या मोठ्या रकमांबद्दल कुणाला काही विचारायचे नाही, मग त्या सूचनांना अर्थ काय उरला?

दुसरे टोक ३१ मार्चचे. ज्यांनी ती रात्र कोषागारात काढली नाही त्यांना कल्पना येणार नाही. वर्षभर अडलेला निधी शेवटच्या आठवड्यात बीडीएसवर, म्हणजे निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर, उतरतो आणि देयकांचे गठ्ठे घेऊन माणसे जिन्यापर्यंत उभी राहतात. एका वर्षी एका आश्रमशाळेच्या स्वच्छतागृहांचे देयक, एक सही राहिली म्हणून, मी रात्री साडेअकराला आक्षेप घालून परत केले. नियमाने मी बरोबरच होतो. ती सही मिळवायला संबंधित कनिष्ठ अभियंता स्कूटरवरून धावला, पण बाराच्या आत परतला नाही. वर्ष संपले आणि निधी व्यपगत झाला, म्हणजे न वापरता रद्द झाला. घोषणेच्या वेळी त्या योजनेसाठी सभागृहात बाके वाजली असतील. निधी परत गेला तेव्हा मात्र आमच्या रजिस्टरात फक्त एक ओळ पडली.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक अधिवेशनाआधी पंधरा दिवस पुरवणी मागण्यांची यादी मराठीत, सामान्य माणसाला कळेल अशी प्रसिद्ध करावी. प्रत्येक मागणीसमोर तीन आकडे असावेत: गेल्या वर्षीची तरतूद, प्रत्यक्ष खर्च आणि समर्पित केलेला, म्हणजे न वापरता परत दिलेला, निधी. यासाठी नवे कर्मचारी नकोत की सल्लागार कंपनी नको. हे आकडे संगणकावर आहेतच, आम्हीच भरत होतो. नागरिकाने ते पाहिले, तर तो 'आमच्याकडे पूल द्या' एवढेच लिहिणार नाही. गेल्या वर्षी पुलासाठी दिलेले पैसे परत का गेले, हेही विचारील.

आमच्या वहीत मी आता 'कशात कापायचे' असा नवा रकाना आखला आहे. काल पाहिले तर त्यात कुणीतरी पेन्सिलीने 'महागाई भत्ता' असे लिहून ठेवले होते. कुणी लिहिले, ते अजून कुणी कबूल केलेले नाही.

— एक निवृत्त कोषागार कर्मचारी, नौपाडा, ठाणे