पॉडकास्टवाल्यांनो, '>' ही खूण आधी वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुरुवातीच्या इंटरनेटवरच्या सिनेवेडावर पॉडकास्ट निघतात, ते आम्ही आवडीने ऐकतो. 1990 साली यूजनेटच्या, म्हणजे वेबच्या आधीपासूनच्या इंटरनेटवरच्या चर्चागटांच्या जाळ्यातल्या, 'रेक.आर्ट्स.मूव्हीज' गटात कॉल नीडहॅम यांनी टाकलेल्या स्क्रिप्टांतून (छोट्या संगणक-प्रोग्रॅममधून) आयएमडीबी हे चित्रपटांच्या माहितीचं संकेतस्थळ उभं राहिलं, ही गोष्ट आता पाठ झाली. हिंदी चित्रपटगीतांवर जिथे हिरिरीने वाद चालत, त्या यूजनेटवरच्याच 'रेक.म्युझिक.इंडियन.मिस्क' ऊर्फ आरएमआयएम या गटावर मराठीत एखादी मालिका व्हावी. पण ती नुसत्या आठवणींवर नको. जुन्या पोस्टी गूगल ग्रुप्सवर अजून शोधता येतात.

त्या वाचताना हमखास होणारी चूक म्हणजे ओळीच्या आरंभीची '>' ही खूण न पाहणं. ती असलेली ओळ पोस्ट लिहिणाऱ्याची नसते, तो ज्याला उत्तर देतोय त्याची असते. दोन खुणा असल्या तर त्याच्याही आधीच्याची. हे न पाहिल्यास रफीभक्ताच्या तोंडी किशोरचं कौतुक जातं!

तारखेपुढचा '-0800' हा आकडाही सोडू नये; लिहिणाऱ्याचं घड्याळ जागतिक वेळेच्या (यूटीसी) आठ तास मागे, असा त्याचा अर्थ. कॅलिफोर्नियात 14 तारखेला सकाळी 11 वाजता लिहिलेलं, आपल्याकडे 15 ला मध्यरात्रीनंतर साडेबाराचं असतं.

गाण्यांचे बोल तिथे आयट्रान्स पद्धतीने, रोमन अक्षरांत लिहीत. त्यात 'त' आणि 'ट' यांत फरक फक्त लहान-मोठ्या 'टी'चा. शिवाय सगळेच ही पद्धत पाळत नसत. म्हणून 'ज़िंदगी' शोधताना झेड आणि जे, दोन्ही घालून पाहावं.

वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात 1996 पासूनची पानं आहेत, पण एकाच पानातला मजकूर एका तारखेचा आणि चित्रं दुसऱ्या तारखेची असू शकतात. इंटरनेटवर गाणी ऐकायच्या जुन्या रिअलऑडिओ पद्धतीची '.रॅम' फाइल मिळाली म्हणून हुरळू नये. तिच्यात आवाज नसतो, खऱ्या फाइलचा एका ओळीचा पत्ता असतो, आणि ती फाइल बहुधा जतनच झालेली नसते. जुनी मराठी पानं उघडल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कारण 'शिवाजी', 'शुषा' यांसारखे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. तोच फॉन्ट संगणकावर घातला, की मजकूर उलगडतो.

आणखी एक, त्या काळी बरेच जण खऱ्या नावाने आणि विद्यापीठाच्या ईमेलवरून लिहीत. त्यांतली अनेक माणसं आज हयात असतील. पोस्ट वाचून दाखवण्याआधी त्यांना विचारावं, पत्ता लागला नाही तर नाव गाळावं.

आपला,
एक श्रोता, पुणे