बाहीवर अक्षरं छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सिनेमाच्या जुन्या मासिकांवर लेख आला होता. मी तो दोनदा वाचला. एकदा काजं करता करता आणि दुसऱ्यांदा रात्री, चष्मा लावून. लेख चांगला आहे. पण त्यात एक वाक्य असं आहे की, गावाकडचा वाचक कव्हरवरच्या भानगडीच्या मथळ्यांना भुलून मासिक घ्यायचा. तिथं माझी सुई थांबली. भुलायला आधी ते मथळे वाचता तर आले पाहिजेत!

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात चव्वेचाळीस वर्षांपासून ब्लाऊज शिवते. माझ्या बहिणीचे मालक, आमचे भाऊजी, एस.टी. स्टँडवर पेपरचा स्टॉल चालवायचे. त्यांच्याकडे मराठी-हिंदीसोबत 'फिल्मफेअर' आणि 'स्टारडस्ट'ही लागायचे. 'स्टारडस्ट'चा पहिला अंक ऑक्टोबर १९७१चा आणि त्याच्या कव्हरवर राजेश खन्नाचं गुपचूप लग्न झालंय का, असा सवाल होता. तुमच्या लेखात त्याचं मोठं कौतुक आहे. पण तो सवाल इंग्रजीत. आमच्याकडे इंग्रजी वाचणारे वकीलसाहेब, दवाखान्यातले डॉक्टर आणि बँकेतले दोन-तीन जण. अंक मात्र त्यांच्या कितीतरी पट जायचे. नेणाऱ्या कोण? तर कापसाचा चुकारा हातात पडला की बाजाराला आलेल्या बाया. त्या अंक उलटासुलटा करून पाहायच्या, आतली पानं फर्रकन चाळायच्या, परत कव्हरवर यायच्या आणि पैसे काढायच्या. आतलं एक अक्षर वाचायचं नव्हतं त्यांना. तो अंक माझ्याकडे यायचा. "काकू, मले अशीच बाही पायजे."

म्हणजे बघा, तुमच्या लेखातला वाचक वाचत होता, आणि माझ्याकडे आलेला वाचक माप घ्यायला लावत होता.

आता भाऊजींची बाजूही सांगते, नाहीतर ते म्हणतील एकतर्फी लिहिलं. ते धंद्यातले माणूस, त्यांचा हिशेब वेगळा. स्टॉलच्या लाकडी फळ्या पायऱ्यांसारख्या, एकीच्या खाली एक. त्यामुळे मागच्या रांगेतल्या अंकाची वरची चार-पाच बोटंच दिसायची. तेवढ्यात मासिकाचं नाव यायचं आणि नशीब असेल तर बाईचे डोळे. भाऊजी म्हणायचे, नाव ओळखीचं असेल तर गिऱ्हाईक हात लावते, आणि डोळे सरळ बघत असतील तर अनोळखी माणूसही थांबते. कॅमेऱ्यात बघून काढलेला फोटो असला की तुम्ही स्टॉलच्या डावीकडून जा नाहीतर उजवीकडून, ती तुमच्याकडेच बघते. दहा मिनिटं थांबलेल्या गाडीच्या खिडकीतूनसुद्धा. बाजूला बघणाऱ्या, खाली मान घातलेल्या नट्यांचे अंक ते पुढच्या फळीवर पूर्ण दिसतील असे लावायचे. "त्यायचे डोळे कामाचे नाईत, अख्खी दाखवा लागते," म्हणायचे. लाल आणि पिवळ्या कव्हरावर त्यांचा फार जीव. स्टँडच्या धुळीत बाकी सगळे रंग दुपारपर्यंत मातकट होतात, हे दोन टिकतात. दर तासाला ते फडक्यानं कव्हरं झटकायचे, तेही आधी पुढच्या फळीवरची.

न खपलेल्या अंकांची गोष्ट तर तुमच्या लेखात नाहीच. अख्खा गठ्ठा परत पाठवायला खर्च फार. म्हणून कव्हरवरच्या नावाची पट्टी तेवढी कापून पाठवायची आणि तिच्यावर हिशेब वळता व्हायचा. भाऊजी लोखंडी पट्टी लावून टरकन फाडायचे. मुंडकी छाटल्यासारखी ती कव्हरं उरायची, ती रद्दीत जायच्या आधी माझ्याकडे येत. पहिले पहिले बरं होतं, नाव वर आणि बाई खाली. पुढे नटीचं डोकं नावावर चढवायची फॅशन आली, म्हणजे अर्धं नाव तिच्या केसांमागे. दिसायला झकास, पण पट्टी फाडली की अंबाडा नागपूरला आणि कपाळापासून खालची बाई दारव्ह्यात! माझं काही अडत नव्हतं, मला गळा आणि खांदे लागत. पोरी मात्र हळहळायच्या, त्यांना केस बघायचे असत.

तर अशी नाव फाटलेली शे-सव्वाशे कव्हरं माझ्या भिंतीवर खिळ्याला लटकलेली असायची. कोणत्या मासिकाचं, कोणत्या महिन्याचं, काही कळायची सोय नाही. तरी बाई आत आली की तिची नजर आधी तिथंच. मी भाऊजींना म्हटलं, बघा, नाव नाही, सवाल नाही, तरी ओढते की नाही? ते हसले. "तुह्याकडे बाया पाटावर बसून राह्यतेत. माह्याकडची गाडी सुटते." हे मात्र त्यांचं खरं होतं. सुटणाऱ्या गाडीतल्या माणसाला थांबवायचं कव्हर वेगळं, आणि अर्धा तास बसलेल्या बाईला पुरून उरणारं वेगळं. चांगल्या कव्हरात दोन्ही असायचं.

माझे वडील शाळामास्तर. माहेरी त्यांच्या पेटीत जुने दिवाळी अंक होते, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांचे. तुमच्या लेखात बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया'चं एस. एम. पंडितांनी रंगवलेलं कव्हर छापलंय, तेही त्याच घराण्यातलं. लहानपणी मी मुळगावकरांच्या बायांकडे बघतच बसायची. किती तजेला, गाल नुसते पाकात बुडवून काढल्यासारखे. मशीन शिकल्यावर पुन्हा पाहिले आणि लक्षात आलं, ह्यांच्या ब्लाऊजला शिवणच नाही! ना टक्स, ना मुंढ्याचा, म्हणजे बाही खांद्याला लागते तिथला जोड, ना हुकपट्टी. कापड अंगावर उगवल्यासारखं. चित्रकाराला शिवण दाखवायची गरज काय म्हणा. पण मला त्या चित्रावरून एक ब्लाऊज शिवता आला नाही. फोटोची कव्हरं आल्यावर पहिल्यांदा सुरकुती दिसली. काखेत कापड कुठं ताणलंय, गळा कुठं उचलला गेलाय, अस्तर आहे की नाही, सगळं. तुम्हाला ती नटी दिसते, मला दुसऱ्या शिंप्याच्या चुका दिसतात.

स्वस्तातल्या हिंदी साप्ताहिकांची वेगळीच मजा. कव्हर चकचकीत, आत रद्दीचा कागद. छापताना निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा असे चार रंग एकावर एक बसवायचे असतात. एखादा केसभर सरकला की ओठांची लाली ओठांच्या बाहेर आणि साडीचा काठ दोनदा. एकदा एका बाईनं तसला डबल काठच मागितला होता! मी दोन लेस लावून दिल्या. तिला आवडल्या.

कापड कसं दाखवावं हे मी शिकले ते 'चंदेरी'च्या अंकांवरून. गौतम राजाध्यक्ष त्याचे संपादक होते आणि फोटोही काढत. मागं काही पसारा नाही, उजेड एका बाजूनं अलगद आलेला. शिफॉन आहे की ऑर्गंझा, हे कागदावर बोट न लावता सांगता यायचं. २०११ साली ते गेल्याचं वाचलं, तेव्हा त्यांचं नाव ओळखणारी गावात बहुतेक मी एकटीच असेन. तसंच भानू अथैय्यांचं. 'गांधी' चित्रपटाच्या कपड्यांसाठी ऑस्कर मिळालेल्या ह्या बाई आपल्या कोल्हापूरच्या, आणि सिनेमात जायच्या आधी मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढायच्या. मासिकातली रेघ पडद्यावर गेली, पडद्यावरचा कपडा पुन्हा मासिकाच्या कव्हरवर आला आणि तिथून माझ्या मशीनखाली.

कव्हरचा एक दोष मात्र कधीच गेला नाही. पाठ दिसत नाही. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' लागला आणि माधुरीच्या जांभळ्या साडीनं वेड लावलं. साडी कव्हरवर दिसली, पण त्या ब्लाऊजची सगळी करामत होती पाठीत! लग्नसराईच्या ऑर्डरी घेऊन बसलेली मी. शेवटी यवतमाळला जाऊन सिनेमा पाहिला. आमचे मालक शेजारी बसून रडत होते आणि मी अंधारात एस.टी.च्या तिकिटामागे पेन्सिलीनं पाठ काढत होते. तिकीट एवढंसं, तरी पाठ मावली. घरी येऊन शिवला, तर पोरीची आजी म्हणाली, "माय वं, इतली पाठ उघडी? लोकं काय म्हणतीन?" मग आत जाळीचं कापड लावून दिलं. आमच्या पंचक्रोशीतल्या माधुऱ्या अशा जाळीदार होत्या.

पोरं त्याच कव्हरांची वह्यांना कव्हरं घालायची, गुरुजी फाडायचे. सलूनमध्ये अमिताभ, पानठेल्यावर श्रीदेवी, धामणगावच्या जत्रेत तर फ्रेम करून विकायचे. ते सगळ्यांना माहीत आहे, लांबवत नाही.

आता भाऊजींच्या स्टॉलवर पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं लटकतात. पोरी मोबाईल घेऊन येतात. त्यात पाठ दिसते, ही मोठी सोय, मी नाकारत नाही. पण माझ्या दोन्ही हातांना खडू लागलेला आणि ऐन मुंढा कापताना स्क्रीन काळी होते. "पोरी, तुही नटी गेली वं," म्हणून हाक मारावी लागते. शिवाय मोबाईलमधल्या फोटोत सुरकुती पुसलेली, शिवण पुसलेली. म्हणजे फिरून मुळगावकरच झाले, फक्त तो तजेला नाही. म्हणून मी अजून कागदच मागते. मशीनसमोर टाचणीनं लावता येतो. आणि कागद म्हणजे आता तुमची पुरवणी, कारण दुसरं काही गावात येत नाही.

आणि इथंच माझी तक्रार आहे, जिच्यासाठी हे पत्र.

मागच्या महिन्यात तुमच्या पुरवणीच्या पहिल्या पानावर एका नटीचा अख्ख्या पानाचा फोटो होता. उजव्या खांद्यावर बारीक चुण्यांची सुंदर बाही. डाव्या खांद्यावर तुम्ही लाल गोल छापला. आत पांढऱ्या अक्षरात 'खास मुलाखत, पान ४'. गोल चांगला बशीएवढा. तुमचंही बरोबर असेल, स्टँडवर लाल रंग टिकतो हे मीच वर लिहिलंय. पण एका नवरीनं तो कागद माझ्याकडे आणला. उजवी बाही पाहून मी डावी तशीच शिवली. बावीस चुण्या, प्रत्येकीला हातानं टाका. तीन दिवस गेले. पोरगी खूश, आई खूश. हळदीच्या आदल्या रात्री तिच्या आत्यानं टीव्हीवर तीच नटी त्याच ब्लाऊजमध्ये पाहिली आणि पोरगी पळत माझ्या दारात. "काकू, तिले तं दुसऱ्या हाताले बाहीच नोती!"

खरंच नव्हती. तुमच्या गोलाखाली नुसता उघडा खांदा होता. जी बाही ह्या जगात नव्हतीच, ती मी तीन दिवस शिवत होते. रात्री अकरा वाजता उसवायला घेतली, तर तिची आई म्हणाली, राहू द्या, एक हात उघडा ठेवून पोरीला मांडवात कशी बसवू? बाही राहिली. शिलाईत मात्र पन्नास रुपये कापले, 'फोटोसारखं नाही' म्हणून.

पन्नास रुपये मागायला लिहीत नाही. गोल छापा, लालच छापा, पण साडीच्या निऱ्यांवर छापा, पायाशी छापा, मागच्या झाडावर छापा. डोळ्यांपासून कमरेपर्यंतची जागा मोकळी सोडा. तुमच्याकडे पान लावणारा जो कोणी मुलगा असेल त्याला एवढं सांगा की, त्या जागेवर खेड्यात कुणीतरी टेप लावून बसलेलं असतं.

सोबत तो कागद पाठवत आहे. लाल गोलाभोवती मी खडूनं खूण केली आहे. बघून झाला की परत पाठवावा, उजव्या बाहीची अजून दोन गिऱ्हाइकं आहेत.

आपली नियमित वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ता.क. : पत्र छापलंत तर नाव छापू नका. भाऊजी पेपर वाचतात, आणि 'डोळ्यांपासून कमरेपर्यंत' वाचून पुन्हा डोळ्यांवरून वाद घालायला येतील.